शेवटच्या पाच पिल्लांचा हिशेब

बंदिस्त वराहपालनाच्या व्यवसायात यशापयश मोजण्याचा एक आकडा इतर सर्व आकड्यांच्या वर बसलेला आहे. एका मादीमागे वर्षभरात दूध तोडून वेगळी केलेली पिल्ले किती, हा तो आकडा. शेडचा व्यवस्थापक त्यावर जोखला जातो, कर्ज देणारी बँक तो विचारते आणि पैदाशीच्या कंपन्या आपल्या जातींची जाहिरात त्यावरच करतात. डेन्मार्कमध्ये, जिथे हा व्यवसाय सर्वांत काटेकोरपणे चालवला जातो, ही सरासरी आता सुमारे ३४ वर पोहोचली आहे. एवढी वाढ म्हणजे शेतीशास्त्राची प्रगती, असे मानण्याची पद्धत आहे. माझे म्हणणे असे आहे की या वाढीचा शेवटचा टप्पा आर्थिकदृष्ट्या फारच थोडा फायदा देतो, त्याची किंमत मात्र पिल्ले, माद्या, शेडमधले कामगार आणि शेवटी समाजाचे आरोग्य यांच्याकडून वसूल होते, आणि ही किंमत कोणाच्याही वहीत लिहिली जात नसल्यामुळेच तो टप्पा फायद्याचा भासतो.

आधी हा आकडा कसा बनतो ते पाहू. मादीचा गाभणकाळ सुमारे ११५ दिवसांचा असतो. पिल्ले अंगावर पीत असेपर्यंत ती सहसा माजावर येत नाही. दूध तोडले की चार ते सहा दिवसांत येते आणि लगेच पुन्हा भरवली जाते. म्हणजे गाभणकाळ निसर्गाने ठरवून दिलेला, मधले रिकामे दिवस आधीच किमान केलेले, आणि पालकाच्या हाती उरतात त्या दोनच गोष्टी: एका वेतात पिल्ले किती जन्मतात, आणि ती आईच्या अंगावर किती दिवस ठेवायची. गेल्या तीस-चाळीस वर्षांतला या व्यवसायाचा सगळा इतिहास या दोन कळा दाबण्याचा इतिहास आहे.

पिल्लांची संख्या वाढवण्यामागचा मूळ हिशेब खोटा नाही. मादीला पोसावे लागते. ती वर्षाला एक टनाहून अधिक खाद्य खाते, जागा व्यापते, मजुरी घेते, औषधपाणी घेते. या खर्चाच्या बदल्यात ती फक्त पिल्ले देते, म्हणून तो खर्च जितक्या पिल्लांवर वाटला जाईल तितके प्रत्येक पिल्लू स्वस्त पडते. सोयीसाठी मादीचे वर्षाचे खाद्य १,३०० किलो धरू. वर्षाला दहा पिल्ले असतील तर प्रत्येकाच्या नावावर आईचे १३० किलो खाद्य चढते. वीस झाली तर ६५ किलो. म्हणजे दहावरून वीसवर जाताना प्रत्येक पिल्लामागे ६५ किलोची बचत झाली, आणि ती खरोखर मोठी आहे. तीस पिल्ले झाली की हा भार ४३ किलोवर येतो, बचत २२ किलोची. पस्तीस झाली की ३७ किलो, म्हणजे तीसवरून पस्तीसवर जाण्याने वाचले ते सहा किलो. तेच पिल्लू पुढे विक्रीच्या वजनाला येईपर्यंत स्वतः अडीचशे किलोहून जास्त खाद्य खाणार आहे. त्याच्यापुढे सहा किलो म्हणजे दोन-अडीच टक्के. जागा आणि मजुरीचा भारही याच पद्धतीने, सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर अगदी हळूहळू, कमी होत जातो.

हे गणित शाळेतल्या भागाकाराचे आहे आणि या व्यवसायातल्या कोणालाही ते अपरिचित नाही. तरीही ते इथे सविस्तर मांडले, कारण अधिक पिल्ले म्हणजे कमी खाद्य, कमी जमीन, कमी प्रदूषण हा युक्तिवाद अलीकडे पर्यावरणाच्या नावाने वारंवार केला जातो. दहा पिल्लांच्या काळात त्यात पुष्कळ तथ्य होते. तिसाच्या पुढे त्यात फारच थोडे उरते. उलट वाढणाऱ्या डुकराच्या स्वतःच्या खाद्यात दोन टक्के सुधारणा केली, किंवा पन्नास-साठ किलोचे झाल्यावर मरणारी डुकरे थोडी कमी केली, तरी तेवढीच बचत हाती येते.

मग शेवटच्या पाच पिल्लांसाठी काय मोजावे लागते? गर्भाशयाची जागा आणि त्यातला रक्तपुरवठा पिल्लांच्या संख्येच्या प्रमाणात वाढत नाही. वेतात अठरा-वीस पिल्ले असतील तर त्यांतली बरीच अशक्त जन्मतात. साधारण सव्वा ते दीड किलोचे पिल्लू चांगले समजले जाते. एक किलोच्या खाली जन्मलेल्यांचे जगण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. डुकराच्या पिल्लाची शरीररचना या बाबतीत विशेष नाजूक आहे. त्याच्या अंगावर दाट केस नसतात, शरीर आतून तापवणारी तपकिरी चरबी त्याच्याकडे नसते, आणि आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत जो चीक पोटात जाईल तेवढेच त्याचे संरक्षण आणि तेवढेच त्याचे इंधन. जगण्यासाठी त्याला साधारण २०० ते २५० ग्रॅम चीक लागतो. एका मादीला मिळून चीक येतो तीन ते चार किलो, आणि पिल्ले वाढली म्हणून तो वाढत नाही. साडेतीन किलो चीक बारा पिल्लांत वाटला तर प्रत्येकाला २९० ग्रॅम मिळतो. अठरांत वाटला तर १९५ ग्रॅमही मिळत नाही. शिवाय वाटप समान होत नसते. आधी जन्मलेली, दणकट पिल्ले पुढचे सड पकडतात, एकदा धरलेला सड शेवटपर्यंत सोडत नाहीत, आणि शेवटी जन्मलेल्या अशक्त पिल्लाच्या वाट्याला कधी कधी सडच उरत नाही. मादीला कामाचे सड साधारण चौदा ते सोळा असतात, आणि डेन्मार्कमध्ये एका वेतात जिवंत जन्मणाऱ्या पिल्लांची सरासरी सतराच्या पुढे गेली आहे. मरून जन्मलेली धरली तर तिथे जन्मणाऱ्या दर पाच पिल्लांपैकी सुमारे एक दूध तोडण्याच्या दिवसापर्यंत पोहोचत नाही.

एवढी मरतुक व्यवसायाला परवडते कशी, याचे उत्तरही जमाखर्चातच आहे. डुक्कर जितके उशिरा मरते तितके ते महाग पडते. शंभर किलोचे डुक्कर मेले तर त्याने खाल्लेले सगळे खाद्य, व्यापलेली सगळी जागा वाया जाते. पहिल्या दोन दिवसांत मेलेल्या पिल्लाने मात्र अजून काहीच खाल्लेले नसते; त्याच्यावर झालेला खर्च बहुतेक आईच्या खात्यावर आधीच पडलेला असतो. म्हणून लवकर आलेला मृत्यू वहीत स्वस्त दिसतो, आणि वीस जन्मून चार मेली तरी तेरा जन्मून एक मेल्यापेक्षा हिशेब बरा निघतो. येथे कोणी क्रूर माणूस बसून ठरवतो असे नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणपणाचा निर्णय घेत असतो आणि त्यांची बेरीज अशी येते. पैदाशीच्या निकषांत थोडा बदल जरूर झाला: डॅनिश पैदास कार्यक्रमाने २००४ पासून एकूण जन्मलेल्या पिल्लांऐवजी पाचव्या दिवशी जिवंत असलेल्या पिल्लांना गुण द्यायला सुरुवात केली. हे पाऊल योग्य दिशेचे होते. परंतु ज्याला गुण मिळतात ती अजूनही संख्याच आहे. ती गाठण्यासाठी किती पिल्ले जन्माला घालून गमावली, किंवा ती वाढवण्यासाठी किती दुसऱ्या माद्या वापरल्या, याला त्या निकषात स्थान नाही.

दुसऱ्या मादीची ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. जास्तीची पिल्ले आईकडून काढून, जिची स्वतःची पिल्ले नुकतीच दूध तोडून नेली आहेत अशा मादीच्या अंगावर लावली जातात. त्यामुळे पिल्ले वाचतात, हे खरे. पण त्या मादीचा पिंजऱ्यातला मुक्काम तीन-चार आठवड्यांनी लांबतो, खांद्यावरच्या जखमा चिघळतात, आणि एका कळपाचे रोग दुसऱ्या कळपात जातात. हे सर्व करायला माणूस लागतो. अशक्त पिल्लू पुसायचे, ऊब द्यायची, नळीने चीक पाजायचा, दोन-चार तासांनी पुन्हा पाहायचे. मजुरी वाढलेली आणि पिल्लाचा भाव पडलेला असेल तेव्हा हे सर्व करण्यापेक्षा ते पिल्लू मारून टाकणे स्वस्त पडते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी डोक्यावर जोराचा प्रहार करण्याची पद्धत वापरली जाते. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमावलीत पाच किलोपर्यंतच्या पिल्लांसाठी ती मान्य आहे आणि एका माणसाने एका दिवसात अशा रीतीने सत्तरपेक्षा जास्त प्राणी मारू नयेत अशी मर्यादाही तिथे घातलेली आहे. ती मर्यादा घालण्याची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली, हे मला फार अस्वस्थ करते. जो कामगार सकाळी एका पिल्लाला चीक पाजून वाचवतो त्यालाच दुपारी दुसरे मारावे लागते. त्याच्या मनावरचा हा भार कोणत्याही उत्पादनखर्चाच्या तक्त्यात येत नाही.

आता पिंजऱ्याकडे येऊ, कारण सार्वजनिक चर्चा बहुतेक त्याच्याभोवतीच फिरते. विणाऱ्या मादीला ज्या लोखंडी चौकटीत ठेवतात ती साधारण दोन मीटर लांब आणि साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद असते. तिला उभे राहता येते, बसता येते, आडवे होता येते, वळता मात्र येत नाही. पालकांची बाजू अशी की दोनशे-अडीचशे किलोची मादी आडवी होताना पिल्ले तिच्याखाली चिरडतात, आणि चौकट ते टाळते. ही बाजू प्रामाणिक आहे. चिरडलेली पिल्ले रोज सकाळी ज्याला उचलावी लागतात त्याच्या बोलण्याला वजन दिलेच पाहिजे. पण चिरडण्याच्या मुळाशी काय असते हेही विचारले पाहिजे. चिरडते ते बहुधा गारठलेले, भुकेले, चपळाईने बाजूला सरकू न शकणारे पिल्लू. नवजात पिल्लाला चौतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आईला मात्र वीस अंशांवर बरे वाटते. ऊब आणि दूध पुरेसे न मिळालेले पिल्लू आईच्या पोटाला चिकटून राहते आणि तिथेच दबते. म्हणजे वेत मोठे करून अशक्त पिल्ले वाढवायची आणि मग अशक्त पिल्ले चिरडतात म्हणून आईला जखडायचे, असा हा क्रम झाला आहे.

स्वित्झर्लंडने २००७ पर्यंत विण्याचे पिंजरे व्यवहारातून काढून टाकले. तिथल्या शेकडो फार्मांच्या नोंदींवरून त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की मोकळ्या खणात चिरडून मरणारी पिल्ले अधिक होती, पिंजऱ्यात इतर कारणांनी मरणारी अधिक होती, आणि एकूण मरतुकीत दोन्ही पद्धतींमध्ये लक्षणीय फरक नव्हता. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट नोंदवली: वेत जितके मोठे, तितकी मरतुक अधिक, मग मादी पिंजऱ्यात असो वा मोकळी. स्वीडन आणि नॉर्वे यांनीही हे पिंजरे नाकारले आहेत. इंग्लंडमध्ये बऱ्याच माद्या उघड्या रानात, कमानीच्या पत्र्याच्या निवाऱ्यात वितात. जर्मनीने २०२१ मध्ये पंधरा वर्षांची मुदत देऊन नियम केला की विणाऱ्या मादीला किमान साडेसहा चौरस मीटरचा खण द्यावा आणि चौकटीत फार तर पाच दिवस ठेवावे. मोकळ्या खणाला जागा अधिक लागते, पेंढा लागतो, आणि मोकळ्या मादीजवळ काम करताना कामगाराला धोकाही असतो. हे खर्च खरे आहेत आणि ते लपवून उपयोग नाही. परंतु विण्याच्या आदल्या दिवशी मादी जी धडपड करते, तोंडाने जमीन उकरते, पेंढा नसला तरी लोखंडावर पाय घासते, ती घर बांधण्याची आंतरिक ओढ आहे आणि हजारो वर्षांच्या पाळीवपणानेही ती गेलेली नाही. तशी संधी मिळालेली मादी सावकाश आडवी होते आणि शांत पडून राहते. पिंजऱ्यातल्या बचतीचा हिशेब मांडताना हा फायदाही दुसऱ्या बाजूला मांडायला हवा.

दुसरी कळ दूध तोडण्याच्या वयाची. रानात किंवा मोकळ्या आवारात डुकराचे पिल्लू तीन-चार महिन्यांपर्यंत हळूहळू दूध सोडत जाते. बंदिस्त शेडमध्ये ते तीन ते चार आठवड्यांत तोडतात. युरोपीय नियम २८ दिवसांचा आहे, पण वेगळी स्वच्छ जागा असल्यास २१ दिवसांची सवलत आहे, आणि अमेरिकेत तीन आठवड्यांचा प्रघात सर्वदूर आहे. या एका आठवड्यात किती पैसा आहे ते पाहा. २१ दिवसांवर तोडले तर एक फेरा सुमारे १४२ दिवसांचा, म्हणजे वर्षाला २.५७ वेत, २८ दिवसांवर तोडले तर १४९ दिवसांचा, म्हणजे २.४५ वेत. वेतामागे चौदा पिल्ले धरली तर फरक वर्षाला दीडपावणेदोन पिल्लांचा. हजार माद्यांच्या शेडमध्ये तो सोळाशेहून अधिक पिल्लांचा होतो. हा आकडा व्यवस्थापकाला दिसतो. तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या आतड्याला धान्य आणि सोया पचवण्याची तयारी नसते, त्याच वेळी आईच्या दुधातून मिळणारे संरक्षण थांबते, अनोळखी पिल्लांत मिसळावे लागते, आणि आठवड्याभरात हगवण सुरू होते, हेही त्याला दिसते. पण त्यावर औषध मिळते आणि औषध स्वस्त असते.

याच जागी हा विषय डुकरांच्या शेडच्या भिंती ओलांडून सर्वांचा होतो. वर्षानुवर्षे या हगवणीवर खाद्यातून प्रतिजैविके दिली गेली, आणि युरोपात झिंक ऑक्साइड मोठ्या मात्रेत दिले गेले. जमिनीत साचणाऱ्या जस्ताच्या आणि जंतूंच्या प्रतिकारशक्तीच्या भीतीने जून २०२२ पासून तिथे त्याच्या औषधी वापरावर बंदी आली. कोलिस्टिन हे औषध माणसांच्या रुग्णालयांत इतर सर्व उपाय थकल्यावर वापरले जाते. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज सरकवणारे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांत सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यानंतर चीनने खाद्यातून वाढीसाठी कोलिस्टिन देणे बंद केले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचे जे नुकसान झाले असेल ते मात्र पिल्लाच्या भावात कधीच धरले गेले नाही आणि धरता येणारही नव्हते. स्वीडनने १९८६ मध्येच वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके बंद केली. सुरुवातीची काही वर्षे तिथल्या पालकांना दूध तोडल्यानंतरच्या हगवणीने जेरीस आणले, आणि त्यांनी उपाय शोधला तो उशिरा दूध तोडण्याचा, जागा वाढवण्याचा, शेड एकदम रिकामी करून धुण्याचा. औषधाचा आधार काढून घेतल्यावर पिल्लाच्या गरजांकडे पुन्हा लक्ष जाते, याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा मला वाटतो.

शेपटी छाटण्याचेही असेच आहे. कंटाळलेली, दाटीत ठेवलेली डुकरे एकमेकांच्या शेपट्या चावतात, म्हणून जन्मल्यानंतर काही दिवसांत शेपटी कापतात, तीही बहुधा भूल न देता. सरसकट असे करण्यास युरोपीय संघात १९९० च्या दशकापासून मनाई आहे; स्वीडन आणि फिनलंड सोडले तर ती जवळजवळ कुठेही पाळली जात नाही. कारण कापणे काही सेकंदांचे काम आहे, तर जागा आणि पेंढा यांचा खर्च रोजचा आहे, आणि जाळीच्या फरशीखालची मलवाहिनी पेंढ्याने तुंबते.

मग चांगला पालक स्वतःहून हे का बदलत नाही? या प्रश्नाचे उत्तर डुकरांच्या भावाच्या चक्रात आहे. जर्मन अर्थतज्ज्ञ आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की डुकरांचे भाव ठरावीक वर्षांच्या अंतराने चढतात आणि कोसळतात. भाव चढला की सगळे जण माद्या वाढवतात. भरवण्यापासून विक्रीपर्यंत नऊ-दहा महिने जातात. तोवर सगळ्यांची डुकरे एकदमच बाजारात येतात आणि भाव पडतो. पडल्यावर लगेच थांबता येत नाही, कारण पोटात असलेली पिल्ले जन्मणारच असतात आणि शेडचे हप्ते चालूच असतात. डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत जिवंत डुकराचा भाव शंभर पौंडांना दहा डॉलरच्या खाली गेला, उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली. त्या पडझडीत असंख्य लहान पालक व्यवसायाबाहेर गेले आणि उरलेल्यांपैकी अनेकांनी मोठ्या कंपन्यांशी करार केले. १९८० मध्ये त्या देशात डुकरे पाळणारी सहा लाखांहून अधिक शेते होती. आता साठ हजारांच्या आसपास उरली आहेत. करारात डुकरे आणि खाद्य कंपनीचे, शेड, कर्ज आणि मलमूत्राची विल्हेवाट शेतकऱ्याची. अशा शेतकऱ्याला मोकळा खण बांधायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकारच उरलेला नसतो. जो स्वतंत्र राहिला त्याचीही स्थिती फार वेगळी नाही: मंदीत टिकतो तो सर्वांत कमी खर्चाचा, म्हणून मंदीत प्रत्येक सोय कापली जाते, आणि तेजी आली की मिळालेला पैसा आणखी माद्या घेण्यात जातो.

त्यात पिल्ले पैदा करणारा आणि ती वाढवणारा असे दोन वेगळे व्यवसाय झाले आहेत. डेन्मार्कमधून दरवर्षी एक कोटीहून अधिक पिल्ले जिवंत निर्यात होतात, मुख्यतः पोलंड आणि जर्मनीला. पिल्ले विकणाऱ्याची मिळकत थेट संख्येवर अवलंबून असते. मी वर मांडलेल्या गणितात पस्तिसाव्या पिल्लाने सगळ्या साखळीची बचत किरकोळ होते, पण त्या विकणाऱ्यासाठी ते पिल्लू म्हणजे आणखी एक विक्री असते. त्या पिल्लाच्या अशक्तपणाचा, पुढच्या आजारांचा, वजनातल्या तफावतीचा बराचसा भार ते विकत घेणारा उचलतो. ज्याच्या हातात कळ आहे आणि ज्याला परिणाम सोसायचा आहे ते दोघे वेगळे झाले की कळ प्रमाणाबाहेर दाबली जाणे अटळ होते.

म्हणून मला या प्रश्नात ग्राहकाच्या किंवा पालकाच्या वैयक्तिक सदसद्विवेकावर सगळे सोपवणे न्याय्य वाटत नाही. सर्वांना एकाच वेळी लागू होणारा नियमच येथे काम करू शकतो. पण नियम कसा असावा याचाही एक कटू धडा उपलब्ध आहे. ब्रिटनने १ जानेवारी १९९९ पासून गाभण माद्यांना अरुंद खणात बांधून ठेवण्यावर बंदी घातली. युरोपातल्या शेजाऱ्यांवर तशी बंदी यायला, तीही अपवादांसह, २०१३ उजाडले. मधल्या काळात ब्रिटिश पालक अधिक खर्चाने डुकरे वाढवत होते आणि त्यांच्याच बाजारात अरुंद खणातल्या माद्यांच्या पिल्लांचे मांस बाहेरून येत होते. दहा वर्षांत तिथल्या माद्यांचा कळप सुमारे निम्मा झाला. महाग पौंड, २००० मधली डुकरांच्या तापाची साथ आणि त्यानंतर आलेला लाळ्या-खुरकूत हीही त्यामागची कारणे होती, आणि सगळा दोष बंदीवर टाकणे चूक ठरेल. तरी आपल्या शेतकऱ्याला बांधायचे आणि आयातीला मोकळे सोडायचे ही रचनाच अन्यायाची होती. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या सार्वमताने वेगळा मार्ग धरला: माल कुठेही तयार झालेला असो, राज्यात विकायचा असेल तर मादीला ठरावीक जागा मिळालेली असली पाहिजे. व्यवसायाच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा टिकवला. त्या कायद्यातही विण्याच्या आधीचे पाच दिवस आणि पिल्ले अंगावर असण्याचा काळ वगळलेला आहे, त्यामुळे या लेखाच्या विषयाला तो स्पर्श करत नाही. तरीही नियम विक्रीच्या जागी लावण्याचे तत्त्व त्याने प्रस्थापित केले, आणि माझ्या मते यापुढच्या प्रत्येक कायद्याने तेच स्वीकारावे.

स्वस्त मांस महाग होईल आणि त्याचा भार गरिबांवर पडेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण दुकानातल्या किमतीत पिल्लू जन्माला घालण्याचा आणि महिनाभर जगवण्याचा वाटा लहान असतो. वाढवण्याचे खाद्य, कत्तल, थंड साठवण, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा. आईला दोन-अडीच चौरस मीटर जास्त जागा आणि पिल्लाला एक आठवडा जास्त दूध, याने पालकाच्या तुटपुंज्या नफ्यावर घाला येतो, ग्राहकाच्या ताटावर मात्र तेवढा जाणवेल असा नाही. तेव्हा प्रश्न हा खर्च साखळीत पालकाच्या वर असलेल्यांकडे कसा सरकवायचा, हा आहे. पालकाला बदलासाठी सार्वजनिक निधीतून मदत आणि खरेदीदाराशी दीर्घ मुदतीच्या, खर्चाशी जोडलेल्या भावाचा करार, या दोन गोष्टी नसतील तर कितीही चांगला नियम शेवटी लहान पालकालाच मारेल.

मी चार गोष्टी मागेन. दूध तोडण्याचे किमान वय २८ दिवस, कोणत्याही सवलतीशिवाय, आणि ते पुढे वाढवण्याची तयारी. पैदाशीच्या निकषात वेताच्या आकाराला मादीच्या सडांच्या संख्येशी बांधून घेणारी वरची मर्यादा, आणि जन्मवजनाला व मरतुकीला उघड गुण. प्रत्येक फार्मची जन्मापासून दूध तोडण्यापर्यंतची मरतुक, मारून टाकलेली पिल्ले धरून, जाहीर करण्याचे बंधन, जेणेकरून बँकेने आणि खरेदीदाराने विचारायचा आकडा बदलेल. आणि विण्याच्या पिंजऱ्यांची मुदतबंद समाप्ती, आयात मालासह. यांतली पहिली उद्या सकाळपासून लागू करता येते, कारण तिला शेडमध्ये थोडे फेरफार आणि काही माद्यांची घट एवढेच लागते. दुसरीला वेळ लागतो: मूळ कळपात केलेली निवड व्यापारी शेडपर्यंत उतरायला काही वर्षे जातात, म्हणून ती जितकी लांबेल तितका बदल दूर जातो.

चौथीबाबत विलंब सर्वांत महागडा आहे. २०२१ मध्ये, सुमारे चौदा लाख नागरिकांच्या सह्यांच्या निवेदनानंतर, युरोपीय आयोगाने पिंजरे संपवणारा प्रस्ताव २०२३ अखेरीस आणण्याचे वचन दिले होते आणि ती तारीख प्रस्तावाविनाच गेली. अशा प्रत्येक वर्षी नवी शेड उभी राहतात, आणि एकदा काँक्रीट आणि लोखंड बसले की ते वीस-पंचवीस वर्षे वापरल्याशिवाय कर्ज फिटत नाही. आज पिंजऱ्यांसह बांधणाऱ्या पालकाला दहा वर्षांनी तेच तोडायला सांगणे हा त्याच्यावरही अन्याय होईल. जुन्या शेडना पंधरा वर्षांची मुदत द्यायला माझी हरकत नाही. नव्या शेडच्या बांधकाम परवान्यात मात्र विणाऱ्या मादीला वळता येईल एवढ्या खणाची अट याच वर्षी घातली पाहिजे, कारण तिथे अजून काहीच तोडायचे नाही आणि कोणाचेही कर्ज अजून सुरू झालेले नाही.